सांगलीत राहून जपानी शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

कुपवाड_दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी.

वय २४, डिप्लोमा मेकॅनिकल. कुपवाड एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपला सीएनसीवर (संगणकाच्या सूचनांवर चालणारं मशीन) आहे. दोन महिन्यांखाली आमच्याकडं एक वापरलेलं जपानी मशीन आलं. पॅनेलवरची निम्मी बटणं जपानीत. मालकांनी पुण्याहून एका जाणकारांना बोलावलं. ते एकेक बटण वाचत गेले, मी शेजारी उभा राहून मराठीत चिठ्ठ्या लिहून सेलोटेपनं चिकटवत गेलो. शेवटी मी त्यांना विचारलं, "सर, ह्या दोन बटणांवर दुसरं अक्षर एकच हाय का ओ?" ते म्हणाले, "बरोबर ओळखलंस. त्याचा अर्थ हलणं, चालणं." त्या दिवसापासून झोपताना पण ती अक्षरं डोळ्यापुढं येतात. ही भाषा शिकायचीच, असं ठरवलंय.

अडचणी अशा. पाळ्या बदलत्या, त्यामुळं ठरलेल्या वेळेचा क्लास जमत नाही. माझं शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात, इंग्रजी वाचतो पण अडखळत. जी पुस्तकं बघितली ती सगळी इंग्रजीतून शिकवणारी. एक मित्र म्हणाला, "आधी इंग्रजी पक्कं कर, मग जपानी."

म्हणून विचारतो: इंग्रजी कच्चं असताना जपानी जमतं का? आधी लिपी का आधी बोलणं? आणि डिसेंबरमध्ये एन-५ (जपानी भाषेच्या परीक्षेची सगळ्यात खालची पायरी) परीक्षा देण्याचं धाडस करावं का? आत्ता जून सुरू आहे.

हळदीचं_पान

माहेर सांगली, गावभाग. पुण्यात बारा वर्षं जपानी शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी इंग्रजी, मग जपानी हा सल्ला मनातून काढून टाका. माझ्या वर्गात मराठी माध्यमाची मुलं वाक्यरचनेत पुढं असतात, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. हे वाक्य बघा:

वाताशि वा आशिता देन्शा दे मिराजी कारा पुने ए इकिमास.

आता एकेका शब्दाखाली मराठी ठेवा. वाताशि वा: मी. आशिता: उद्या. देन्शा दे: रेल्वेनं. मिराजी कारा: मिरजेहून. पुने ए: पुण्याला. इकिमास: जातो. मी उद्या रेल्वेनं मिरजेहून पुण्याला जातो. एक शब्द इकडचा तिकडं करावा लागला नाही. दे, कारा, ए हे आपल्या नं, हून, ला सारखेच शब्दाच्या मागं चिकटतात. इंग्रजीतून जाणारा माणूस हेच वाक्य आधी पूर्ण उलटं करतो आणि मग परत सुलटं.

प्रश्न विचारायचा असेल तर शेवटी काय लावायचं? "का". इकिमास का? जाता का? वर्गात पहिल्या दिवशी हे फळ्यावर लिहिलं की मुलं एकमेकांकडं बघायला लागतात.

शिवाय जपानीत लिंग नाही. जातो, जाते, जातात, जाता, सगळ्यांना इकिमास. काळही दोनच: झालेला आणि न झालेला.

वहीत दोन रकाने पाडा, जपानी आणि मराठी. इंग्रजीचा तिसरा रकाना पाडूच नका.

मिरज_जंक्शन

"इकिमास का" वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली. मी पण शिकणार!

कावासाकीहून

मूळचा साताऱ्याचा, करंजे पेठेतला. जपानला येऊन दहा वर्षं झाली. हळदीचं_पान ताईंशी थोडा असहमत आहे.

मराठीची शिडी पहिल्या मजल्यापर्यंत छान चढवते, हे मान्य. पुढं मात्र मराठीत नसलेल्या गोष्टी येतात आणि तिथं लोक गळतात. उदाहरण द्यायचं तर "आहे". मराठीत टेबल पण आहे, मांजर पण आहे. जपानीत वस्तूंना आरिमास आणि माणसं-प्राण्यांना इमास. सुरुवातीला एकदा दुकानात मी चुकून "तुमच्याकडं अंडी जिवंत आहेत का" अशा थाटात विचारलं होतं. दुकानातल्या आजींनी हसू आवरत अंडी काढून दिली आणि नीट शब्दही शिकवला.

दुसरं म्हणजे मोजणं. आपण एक पेन, एक कागद, एक पुस्तक म्हणतो. इथं लांबोडक्या वस्तूला होन, चपट्या वस्तूला माई, पुस्तकाला सात्सु. त्यात पुन्हा उच्चार बदलतात: एक पेन इप्पोन, दोन निहोन, तीन सानबोन. आणि मोठे आकडे दहा हजारांच्या गठ्ठ्यांत. दहा हजार म्हणजे मान. आपला लाख म्हणजे जू-मान, दहा मान. कोटी म्हणजे इस्सेन-मान, एक हजार मान. पगाराचा आकडा ऐकून पटकन रुपयांत विचार करायला मला वर्ष लागलं.

तेव्हा कुपवाडकर भावा, सोपी आहे म्हणून नव्हे, तर आवडली आहे म्हणून शीक. तुझी ती अक्षराची गोष्ट वाचली. ज्याला न शिकता अक्षर ओळखू आलं तो टिकेल, असं मला मनापासून वाटतं.

हळदीचं_पान

@कावासाकीहून, इमास-आरिमास आणि मोजणी, दोन्ही शंभर टक्के मान्य. पण मराठी पहिल्या मजल्यावर थांबते हे मात्र मान्य नाही.

"मला आंबा आवडतो" घ्या. यात आवडतो कुणाप्रमाणं चालतो? आंब्याप्रमाणं. चिंच असती तर आवडते झालं असतं. जपानीत हेच: वाताशि वा मांगो गा सुकि देस. आंब्याला "गा" लागतो, म्हणजे वाक्याचा कर्ता आंबा. इंग्रजीत आंबा कर्म होतो, म्हणून इंग्रजीतून शिकलेली मुलं तिथं कर्माचा "ओ" लावून चुकतात, आणि वर्षभर चुकत राहतात. मला पाणी पाहिजे, मला जपानी येतं, मला कळतं, या सगळ्या वाक्यांना तिथं गा आहे.

आणखी वर जाऊ. खाऊन बघणं: ताबेते मिरु, आणि मिरु म्हणजे बघणं. करून ठेवणं: शिते ओकु, आणि ओकु म्हणजे ठेवणं. खाऊन बघ, सांगून ठेव, हे आपण दिवसभर बोलतो. हे दोन्ही प्रकार एन-४ ला, म्हणजे एन-५ च्या वरच्या पायरीला येतात. दुसरा मजला झाला की हा!

कावासाकीहून

ताई, दहा वर्षं इथं राहून मिरु आणि "बघ" असं शेजारी ठेवून कधी पाहिलंच नव्हतं. एवढं मागं घेतो.

मोडी_वाचक

सातारा. हौसेनं मोडी कागद वाचतो, दोन वर्षांपासून जपानीही. लिपीबद्दल सांगतो.

जपानी मुलं अक्षरं कोणत्या क्रमानं पाठ करतात? आ इ उ ए ओ. पुढं क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटतं ना? बौद्ध धर्माबरोबर संस्कृतचा अभ्यास तिकडं पोचला, सिद्धम् लिपीतून. तिथल्या भिक्षूंनी आपल्या वर्णमालेच्या धर्तीवर हा क्रम लावला. सिद्धम् अक्षरं शिंगोन पंथात आजही लिहितात.

आता न आणि म यांच्यामध्ये ह कसा? आपल्याकडं त्या जागी प-वर्ग आहे. भाषेचे अभ्यासक सांगतात की जुन्या जपानीत त्या जागी प-च होता, काळाच्या ओघात त्याचा ह झाला. आजही ह च्या डोक्यावर छोटं वर्तुळ काढलं की प होतो, आणि दोन तिरक्या टिकल्या दिल्या की ब. त्याच टिकल्या क ला दिल्या तर ग, त ला दिल्या तर द. आपण शाळेत कठोर आणि मृदू व्यंजनं शिकलो, तीच ही जोडी.

जपानीत उच्चाराच्या दोन लिपी. हिरागाना म्हणजे चिनी अक्षरं भरभर लिहिता लिहिता गोलावलेली रूपं. मोडीत हात न उचलता लिहिताना बाळबोध अक्षरं जशी वळतात, तशीच. काताकाना म्हणजे चिनी अक्षराचा एखादा तुकडा उचललेला. दोन्हीकडं मूळ अक्षरं ४६, ४६.

चौकटीची गणिताची वही घ्या. रोज पाच अक्षरं, प्रत्येक अक्षर दोन ओळी. रेघांचा क्रम पाळा: वरून खाली, डावीकडून उजवीकडं. दहा दिवसांत हिरागाना हातात बसते. काताकानात शि आणि त्सु सगळ्यांना छळतात. शि च्या दोन छोट्या रेघा एकाखाली एक असतात आणि लांब रेघ खालून वर जाते. त्सु च्या छोट्या रेघा शेजारीशेजारी आणि लांब रेघ वरून खाली. नुसतं बघून हा फरक कळणार नाही, लिहून कळेल.

सज्जनगड_पायथा

अवांतर: काताकानात गावांची नावं लिहून बघितली. ल नाही, त्यामुळं सांगली झाली "सान्गुरी". कोल्हापूर झालं "कोरुहापूरु". आणि आमचा सातारा जसाच्या तसा, सा-ता-रा! जपानी माणसालाही साताऱ्यात काही बदल सुचला नाही :)

मिरज_जंक्शन

ओ सातारकर, हळदीला जपानीत उकोन म्हणतात. उकोन म्हटलं की सांगली आलीच पाहिजे. कंदी पेढ्याला काय म्हणतात ते शोधून ठेवा तोवर :)

हळदीचं_पान

माहेरची बाजू घेतल्याबद्दल मिरजकरांना एक भडंगाचं पाकीट माझ्याकडून.

अवांतरावरून आठवलं, उच्चारांचं सांगायचं राहिलं. मराठी माणसाकडं एक ठेवा आहे जो हिंदीवाल्याकडं नाही: दोन च. चिमणी मधला च आणि चूल मधला च. जपानी त वर्ग असा जातो: ता, चि, त्सु, ते, तो. ती त्सु म्हणजे जवळजवळ चूल, चूक मधला चू. मोठ्यानं "आमचा" म्हणा, मग "आमची" म्हणा. इ आली की च आपोआप बदलला ना? जपानीत नेमकं तेच घडतं. माझा-माझी मधल्या झ चंही तसंच. हिंदी भाषक मुलांना त्सु साठी महिना घालवावा लागतो, आपल्या मुलांना फक्त सांगावं लागतं की "चूल म्हण".

जपायचं ते ऱ्हस्व-दीर्घ. ओबासान म्हणजे काकू-मावशी, ओबाऽसान म्हणजे आजी. बिरु म्हणजे इमारत, बीऽरु म्हणजे बीअर. माझा एक विद्यार्थी मुलाखतीत "तुमच्या कंपनीची बीअर फार उंच आहे" म्हणून आला होता, आणि मुलाखत घेणारे इतके मनमोकळे हसले की पुढची सगळी उत्तरं त्यानं न घाबरता दिली.

आरग_रिटायर्ड

मी निवृत्त शिक्षक, वय ६३. मुलगी नागोयात असते, नात तिकडंच शाळेत जाते. नातीशी बोलायला म्हणून गेल्या वर्षी सुरुवात केली. वयाचा प्रश्न कुणाच्या मनात असेल तर काढून टाकावा.

मला सगळ्यात भिडलेली गोष्ट सांगतो. आमची आई घरातून निघताना "जातो" म्हणू देत नसे. "जातो म्हणू नये रे, येतो म्हण." नात शाळेला निघते तेव्हा दारात म्हणते, "इत्ते किमास". मुलीला अर्थ विचारला. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येते. जाऊन येते! आणि घरातल्यांनी म्हणायचं, "इत्तेराश्शाई", जाऊन या. फोनवर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला आईचा आवाज ऐकू आला. आता रोज सकाळी भारतीय वेळेनं पावणेचारला उठून मी व्हिडिओ कॉलवर तिला इत्तेराश्शाई म्हणतो.

तारखा अवघड जातात असं सगळे म्हणतात, कारण एक-दोन-तीनला इचि, नि, सान, आणि तारखेला मात्र त्सुइताची, फुत्सुका, मिक्का, योक्का. मला अवघड गेलं नाही. आपण पाडवा, बीज, तीज, चौथ म्हणतोच ना? त्सुइताची म्हणजे मुळात महिन्याचा चंद्र उगवणं. तिथ्या समजून पाठ केल्या, आठवड्यात झाल्या.

मोडी_वाचक

काका, दंडवत.

ऊसपट्टा

मुलगी सातवीत, जपानी कार्टून बघून शब्द बोलते. त्यावरून शिकली तर चालेल का?

हळदीचं_पान

कान तयार होण्यासाठी उत्तम, बघू द्या. फक्त कार्टूनमधली पात्रं घरातल्यासारखी किंवा भांडणातल्यासारखी बोलतात. ते "ए, चल" सरांना म्हणून चालत नाही. आधी देस-मास वाली आदराची भाषा शिकू दे. आणि "आनाता" म्हणजे तू/तुम्ही हे पाठ करून समोरच्याला सारखं आनाता म्हणू नये, नाव घेऊन सान लावावं. जपानी बायका नवऱ्याला आनाता म्हणतात. आपलं "अहो"च ते!

मिरजेच्या_मातीतली

मी मिरजेला नर्सिंग केलं. आता जपानमध्ये वृद्धांच्या निवासात काइगोचं, म्हणजे त्यांची काळजी घेण्याचं काम करते, तिसरं वर्ष. रात्रपाळीच्या सुट्टीत लिहितेय.

इथल्या आजी-आजोबांची दुखणी पुस्तकातल्या शब्दांत येत नाहीत. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "झुकिझुकि". क्लासच्या यादीत त्यासमोर इंग्रजी शब्द होता, तो मला कधी लक्षातच राहिला नव्हता. त्यांचा चेहरा बघितला आणि तोंडून निघालं, ठसठसतंय! त्या रात्री आईला फोन लावून दोघींनी मिळून यादी केली. झुकिझुकि: ठसठस. चिकुचिकु: टोचतंय. हिरिहिरि: चुरचुरतंय. गानगान: डोकं ठणकतंय. गुरुगुरु: गरगरतंय. दोकिदोकि: धडधडतंय. आई फोनवर ते ते दुखणं करून दाखवत होती आणि मी लिहीत होते. ती वही अजून एप्रनच्या खिशात असते. आपली मराठी असल्या शब्दांनी भरलेली आहे, जपानी पण.

कामासाठी यायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. "तोकुतेइ गिनो" म्हणजे विशिष्ट कौशल्य व्हिसा, जपाननं एप्रिल २०१९ मध्ये सुरू केला. भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्याला एन-४ किंवा जेएफटी-बेसिक ही भाषेची परीक्षा, शिवाय त्या त्या कामाची कौशल्य परीक्षा. काइगोला त्यावर आणखी एक काइगोच्या जपानीची परीक्षा. पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षं राहता येतं. नुसत्या एन-५ वर हा व्हिसा मिळत नाही, कुणी मिळतो म्हणालं तर उठून यावं.

तासगाव_बेदाणा

ताईंचं शेवटचं वाक्य सोन्यानं मढवावं. मी तेच ऐकायला पाहिजे होतं.

चार वर्षांपूर्वी एका एजंटानं आम्हा सहा पोरांना "तीन महिन्यांत भाषा, सहाव्या महिन्यात जपान" सांगितलं. वडिलांनी बेदाण्याच्या पट्टीतले पैसे काढून दिले. तीन महिन्यांत आम्हाला इंग्रजी अक्षरांत लिहिलेली दोनशे वाक्यं पाठ करून घेतली. हिरागानाचं एक अक्षर शिकवलं नाही. नंतर फोन बंद. पैसे गेलेच, पण वडील शेडवर बसून काही न बोलता मण्यांची काडी काढत होते ते अजून डोळ्यापुढून जात नाही.

परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणी असलेल्या भरती एजंटांची यादी असते. नाव तिथं बघितल्याशिवाय रुपया देऊ नका. आणि जिथं पहिल्या महिन्यात लिपी शिकवत नाहीत तिथून उठा.

जाता जाता, मी सोडलं नाही. घरी बसून शिकलो, मागच्या डिसेंबरात पुण्यात एन-४ पास झालो. निकालाचा कागद वडिलांनी स्वतः लॅमिनेट करून आणला.

कावासाकीहून

तासगावकर, अभिनंदन, आणि खरोखर मनापासून. एन-३ कडं चला. कंपन्यांमध्ये बोलावणं तिथून सुरू होतं. काही अडलं तर मला व्यक्तिगत निरोप करा, दर रविवारी तासभर बोलत जाऊ.

कुपवाड_दुसरी_पाळी

सगळ्यांचे किती आभार मानू. आई शेजारी बसून वाचत होती, काकांच्या "जाऊन येतो"पाशी तिनं डोळे पुसले.

दोन रकान्यांची वही केली. रोज पाच अक्षरं चालू. एक शंका: मोबाइलवरच्या ॲपमध्ये शब्द पटापट होतात, पण कागदावर लिहायला गेलं की हात थांबतो. काय चुकतंय?

मोडी_वाचक

चुकत नाही. ओळखणं आणि आठवणं वेगवेगळं. ॲप ओळखायला शिकवतं. अँकी नावाचं कार्डांचं ॲप घ्या (अँकी म्हणजे जपानीत पाठांतर), कार्डं स्वतः बनवा, आणि पुढच्या बाजूला मराठी शब्द ठेवा. "हात" दिसलं की कागदावर जपानीत लिहायचं, मगच कार्ड उलटायचं.

हळदीचं_पान

डिसेंबरच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंच होतं. द्या परीक्षा.

एन-५ एकूण १८० गुणांची, पास व्हायला ८०. भाषा-वाचन मिळून १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी किमान १९ हवेतच. दोन्हींपैकी एकात कमी पडलं तर एकूण गुण कितीही असोत, नापास. सगळे प्रश्न पर्यायांचे, चुकीला गुण कापत नाहीत, बोलण्याची परीक्षा नाही. २०१० पासून शब्दांची अधिकृत यादी छापत नाहीत. साधारण शंभर कांजी (चिनी अक्षरं) आणि सात-आठशे शब्द धरून चालतात.

जून ते नोव्हेंबर, रोज तास-सव्वा तास. जूनमध्ये दोन्ही लिपी. मग "मिन्ना नो निहोंगो" या पुस्तकाचे पहिले २५ धडे, आठवड्याला दीड धडा पकडा. रविवारी मागचं उजळायचं, पुढं जायचं नाही. ऐकण्यासाठी एनएचके वर्ल्डचे जपानी धडे हिंदीतून फुकट आहेत. सायकलवरून कामाला जाता तेव्हा नको, पण जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं कानाला लावा. सांगलीच्या मुलांचे गुण ऐकण्यात जातात, कारण आजूबाजूला जपानी कानावर पडत नाही.

परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. पुण्यात केंद्र आहे. अर्ज काही महिने आधीच घेतात, ती तारीख हुकली की पुढच्या जुलैपर्यंत थांबावं लागतं. आदल्या रात्री प्रवास करून थेट हॉलमध्ये जाऊ नका, शनिवारीच या. जागेची अडचण असेल तर मला कळवा, आमच्या सोसायटीत दोन मुलांची सोय होते.

मिरज_जंक्शन

दोन मुलं म्हणजे मी आणि कुपवाडकर! भावा, रविवारी सकाळी आठ वाजता गणपती मंदिरामागं घाटावर ये. कृष्णेकाठी बसून एकमेकांना अक्षरं विचारू.

वर्कशॉपवाला

माझं पण एमआयडीसीतच आयुष्य गेलं. कुपवाडकर, तुला काही जपानी शब्द आधीच येतात. भिंतीवर ५-एस चा (कामाची जागा नीट ठेवायच्या पाच सवयी) तक्ता असेल बघ: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. सेइरी म्हणजे नको ते वेगळं काढणं, सेइतोन म्हणजे जागच्या जागी लावणं. काइझेन: बदल आणि चांगलं. मुदा: वाया जाणं. कानबान: पाटी. पोका-योके: नजरचूक टाळणं. याला आधी बाका-योके म्हणत, म्हणजे मूर्खापासून बचाव. काम करणाऱ्याला ते लागेल, म्हणून शिगेओ शिंगो यांनी नाव बदललं. ट्रेनिंगला आम्ही हे शब्द इंग्रजी म्हणूनच पाठ केले होते. कुणी अर्थ सांगितला असता तर किती जवळचे वाटले असते!

कुपवाड_दुसरी_पाळी

धागा वर काढतोय, दीड महिन्यानं.

दोन्ही लिपी झाल्या. दर रविवारी घाटावर मिरज_जंक्शन आणि मी, आता आणखी तिघं येतात. सहा धडे झाले.

पण सांगायचं आहे ते काल रात्रीचं. तिसरी पाळी होती, अकराच्या सुमारास मशीन गार होत होतं. पॅनेलवरची माझी एक चिठ्ठी उन्हानं-तेलानं सुटून लोंबत होती. ती बाजूला केली आणि खालची दोन अक्षरं दिसली. पहिलं अक्षर हात. दुसरं, तेच, हलण्याचं. हात आणि चालणं. हातानं चालवायचं! शेजारच्या बटणावर पहिलं अक्षर "स्वतः", दुसरं पुन्हा तेच. स्वतः चालणारं! शुदो आणि जिदो. चिठ्ठीवर मीच लिहिलं होतं, मॅन्युअल आणि ऑटो. ती न बघता वाचलं.

मग टॉर्च घेऊन अख्खं पॅनेल वाचलं. वीज आणि उगम: देन्गेन, म्हणजे मेन पॉवर. ज्या अक्षरात वीज आहे तेच अक्षर ताईंच्या पहिल्या वाक्यातल्या देन्शात आहे, विजेची गाडी. तांबड्या मोठ्या बटणावर चार अक्षरं: हिजो तेइशि, आणीबाणी, थांबणं. एवढ्या रात्री कुणाला सांगू कळेना, म्हणून वॉचमन काकांना बोलावून सगळं वाचून दाखवलं.

आज पाळी सुटताना सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकाव्या म्हणतोय.

वर्कशॉपवाला

शाब्बास रे पोरा. बाकीच्या काढ. तांबड्या बटणावरची मात्र राहू दे, उलट नवीन आणि मोठ्या अक्षरात लिहून लाव. तू घरी गेल्यावर त्या मशीनवर पहिल्या पाळीचा माणूस उभा राहतो, त्याला अजून हिजो तेइशि वाचता येत नाही.

कुपवाड_दुसरी_पाळी

बरोबर आहे काका. आत्ताच लावून आलो. वर जपानी, खाली मराठी.